एकशे बेचाळीस सामने, दोन गोल

फ्रान्सनं १९९८ साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हाचं काय आठवतं, असं आपल्याकडे कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे : झिदान. अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध त्यानं डोक्यानं मारलेले दोन गोल. २००६ सालचं विचारलं तरी उत्तर झिदानच. फक्त या वेळी डोकं चेंडूवर न आपटता इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर आपटलेलं.

हे दोन्ही अंतिम सामने पूर्ण वेळ खेळलेला एक माणूस मात्र आपल्याकडे फारसा कुणाच्या लक्षात नाही. त्याचं नाव लिलियाँ त्युराम. (आपल्याकडच्या कॉमेंटरीत तो 'थुराम' असायचा, त्यामुळे कदाचित त्या नावानं ओळखाल.) १९९४ ते २००८ या काळात तो फ्रान्सकडून १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पुरुषांच्या संघातला हा विक्रम १४ वर्षं टिकला आणि २०२२ च्या विश्वचषकात गोलरक्षक ह्युगो लोरिसनं तो मोडला. या १४२ सामन्यांत त्युरामच्या नावावर गोल किती? दोन. आणि तेही एकाच सामन्यात.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा विनोदी वाटेल. पण त्युराम बचावपटू होता. बचावपटूचं काम म्हणजे आमच्या इंजिनियरिंगमधल्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं. तो चोख काम करत असेल तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. एकदा चुकला की मात्र सगळ्यांना त्याचं नाव कळतं.

मी फ्रान्समध्ये पीएचडीसाठी आलो तेव्हा त्युरामला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्याचं नाव सतत कानावर पडायचं. कधी वर्तमानपत्रात, कधी रेडिओवर, कधी प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या यंत्राभोवती. गंमत म्हणजे दर वेळी विषय फुटबॉलचा नसायचा. विषय असायचा फ्रेंच कोण आणि हे ठरवणार कोण, हा. एका बचावपटूचं नाव या वादात इतकं कसं गुंतलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे.

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचं एक चिमुकलं बेट आहे. खरं तर दोन मोठी बेटं जोडून झालेलं, फुलपाखरासारखं दिसणारं. १ जानेवारी १९७२ रोजी त्युरामचा जन्म तिथल्या प्वांत-आ-पीत्र या शहरात झाला. हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात आलं १६३५ साली. तुलनेसाठी सांगतो, कॉर्सिका फ्रान्सकडे आलं १७६८ मध्ये, आणि भूमध्य समुद्रावरचं ते प्रसिद्ध नीस शहर तर १८६० मध्ये. म्हणजे ग्वादलूप नीसच्या सव्वादोनशे वर्षं आधी फ्रेंच झालं. फरक एवढाच, की नीसच्या लोकांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेलं नव्हतं. ग्वादलूपच्या उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं आणली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीनं १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियननं १८०२ मध्ये ती परत आणली, आणि ती कायमची गेली १८४८ मध्ये.

त्यानंतर मळ्यांना मजूर कुठून मिळाले असतील? आपल्याकडून. १८५४ पासून पुढच्या तीसेक वर्षांत सुमारे ४२,००० भारतीय करारावर ग्वादलूपला नेले गेले. त्यांत मोठा भरणा तमिळ लोकांचा होता. त्यामुळे आजही तिथे तमिळ वळणाची आडनावं सापडतात आणि देवळंही.

१९४६ साली ग्वादलूप हा फ्रान्सचा रीतसर जिल्हा झाला. तिथला माणूस जन्मानंच फ्रेंच नागरिक. पॅरिसला येताना त्याला व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही. १९६३ पासून तर सरकारनं एक खास कार्यालय उघडून या बेटांवरच्या लोकांना युरोपातल्या फ्रान्समध्ये आणायला सुरुवात केली, कारण इथे इस्पितळांत, टपाल खात्यात आणि साफसफाईच्या कामावर माणसं हवी होती. त्या काळात बेट सोडून आलेल्या हजारोंपैकी एक होती त्युरामची आई. पाच मुलांना तिनं एकटीनं वाढवलं. आधी ती एकटी पॅरिसकडे आली, सफाईचं काम धरलं, आणि मग १९८१ मध्ये मुलांना बोलावून घेतलं. फाँतेनब्लोच्या प्रसिद्ध राजवाड्याजवळ आव्हों नावाचं गाव आहे, तिथल्या साध्या वसाहतीत हे कुटुंब राहू लागलं. लिलियाँ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

यापुढची गोष्ट त्यानं स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या वेळी फ्रेंच टीव्हीवर एका काळ्या गाईचं कार्टून लागायचं. ही गाय भोळसट, सतत रडगाणं गाणारी. शाळेतली पोरं लिलियाँला त्या गाईच्या नावानं हाका मारू लागली. तो रडत घरी आला आणि आईला विचारलं, असं का? आई म्हणाली, जग असंच आहे, ते बदलायचं नाही. या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही. पुढे तो म्हणायचा, की मी नवव्या वर्षी काळा झालो. ग्वादलूपला असताना तो फक्त लिलियाँ होता.

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आपण भारतातून बाहेर पडलो की आपल्यालाही एक नवं लेबल लागतं. पुण्यात मी कोणत्या पेठेतला, कोणत्या शाळेतला असा ओळखला जायचो, इथे मी 'एंदियाँ', म्हणजे इंडियन. पण आपण परक्या देशात आलो आहोत हे आपल्याला माहीत असतं, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का असतो. त्युराम परदेशात गेलाच नव्हता. तो स्वतःच्याच देशाच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता, आणि तिथे तो परका ठरला.

असो. फुटबॉलकडे येऊ. फाँतेनब्लोच्या पोर्तुगीज लोकांच्या एका छोट्या क्लबात तो खेळायला लागला, तिथून मेलाँ, आणि मग मोनॅको. तिथे प्रशिक्षक होते आर्सेन वेंगर. (हो, पुढे आर्सेनलवाले, तेच.) त्यांनी या पोराला वरच्या संघात घेतलं. उंच, ताकदवान, पण नुसत्या ताकदीवर न खेळणारा. त्याचं खरं बळ अंदाजात होतं. चेंडू कुठे आहे यापेक्षा पुढच्या दोन सेकंदांत धोका कुठून येईल याकडे त्याचं लक्ष असायचं. त्यामुळे त्याला धसमुसळे टॅकल क्वचितच करावे लागायचे. समोरचा पोचायच्या आत हा तिथे उभा असायचा.

१७ ऑगस्ट १९९४ रोजी बोर्दो शहरात चेक प्रजासत्ताकाविरुद्ध तो फ्रान्सकडून पहिला सामना खेळला. त्याच सामन्यात आणखी एका खेळाडूचं पदार्पण झालं. फ्रान्स दोन गोलांनी मागे असताना तो बदली म्हणून आला आणि दोन गोल करून बरोबरी साधून गेला. झिदान! आता सांगा, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्युरामला किती जागा मिळाली असेल?

त्या वेळचा फ्रान्सचा संघ नजरेसमोर आणा. मार्सेल देसायी (आपले देसाई नव्हेत, याचा जन्म घानातला), सेनेगलमध्ये जन्मलेला पात्रिक व्हिएरा, अल्जेरियन आईबापांचा झिदान, पूर्वजांत आर्मेनियन असलेला जोर्काएफ, बास्क लिझाराझू, पार प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचा कारांबू, आणि ग्वादलूपचा त्युराम. १९९६ च्या युरो स्पर्धेच्या वेळी अतिउजव्या नॅशनल फ्रंट पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन यांनी या संघावर तोंडसुख घेतलं. बाहेरून खेळाडू आणून त्यांना फ्रान्सचा संघ म्हणणं कृत्रिम आहे, यांतल्या बहुतेकांना राष्ट्रगीतही म्हणता येत नाही, असा त्यांचा सूर होता. त्या वर्षी फ्रान्स उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआऊटवर हरला. मग आलं १९९८, आणि विश्वचषक खुद्द फ्रान्समध्ये.

प्रशिक्षक एमे जाके यांनी संघ बांधला तो पाठीकडून. उजवीकडे त्युराम, मध्ये लोराँ ब्लाँ आणि देसायी, डावीकडे लिझाराझू, मागे गोलवर बार्तेझ. त्युरामला खरं तर मध्ये खेळायला आवडायचं, पण तिथे दोन भक्कम माणसं आधीच होती, म्हणून त्यानं उजवी बाजू सांभाळली. ही चौकडी सुरुवातीपासून मैदानात असताना फ्रान्स कधीही हरला नाही. त्या विश्वचषकातल्या सात सामन्यांत फ्रान्सवर गोल झाले फक्त दोन. एक डेन्मार्कचा पेनल्टीवर. दुसऱ्याची गोष्ट आता सांगतो, कारण त्या दुसऱ्या गोलाला जबाबदार होता त्युराम.

८ जुलै १९९८, पॅरिसजवळचं साँ-दनी, नवं कोरं स्टाद द फ्रान्स, उपांत्य सामना, समोर क्रोएशिया. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला क्रोएशियाच्या डावोर शुकरनं मुसंडी मारली. बाकीचे बचावपटू एका रेषेत पुढे सरकले होते, त्युराम एकटा मागे राहिला होता. त्याच्यामुळे शुकर ऑफसाइड ठरला नाही आणि गोल झाला. सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी!

बचावपटूंच्या कारकिर्दी अशा एका चुकीनं संपतात. पण पुढच्याच मिनिटाला हा उजव्या टोकाचा बचावपटू क्रोएशियाच्या गोलसमोर जाऊन पोचला. तिथे त्यानं क्रोएशियाचा कर्णधार बोबान याच्या पायातून चेंडू काढून घेतला, जोर्काएफबरोबर पासची देवाणघेवाण केली, आणि गोल! तोपर्यंत त्यानं फ्रान्ससाठी एकही गोल केलेला नव्हता. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून त्यानं दुसरा गोल मारला, तोही डाव्या पायानं. त्याचा नेहमीचा पाय उजवा.

या दुसऱ्या गोलानंतरचं त्याचं छायाचित्र फ्रान्समध्ये सगळ्यांना माहीत आहे. तो गुडघ्यावर बसला आहे, एक बोट ओठांवर आहे, चेहऱ्यावर आनंद कमी आणि आश्चर्य जास्त. एखाद्या विचारवंताच्या पुतळ्यासारखा. 'हे मी केलं?' असं स्वतःलाच विचारत असल्यासारखा. फ्रान्स २-१ जिंकला. ब्लाँला त्या सामन्यात लाल कार्ड मिळालं, त्यामुळे तो अंतिम सामन्याला मुकला. चार दिवसांनी, १२ जुलैला, ब्राझीलवर ३-० असा विजय मिळाला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत रोनाल्डो आणि शुकर यांच्यानंतर तिसरा क्रमांक त्युरामला मिळाला. बचावपटूला असं काही मिळणं फारच दुर्मिळ.

त्या रात्री पॅरिसच्या शाँझ-एलिझे रस्त्यावर लाखो लोक उतरले. आर्क द त्रियोंफ या विजयकमानीवर झिदानचा चेहरा प्रकाशात झळकत होता. फ्रेंच झेंड्याच्या निळा-पांढरा-लाल या घोषणेची नक्कल करून नवी घोषणा जन्माला आली : काळा-गोरा-अरब. राजकारणी, संपादक, समाजशास्त्रज्ञ, सगळे एका सुरात म्हणू लागले की बघा, हा नवा फ्रान्स, प्रश्न सुटला.

प्रश्न असा सुटतो का? फुटबॉलच्या सात सामन्यांनी?

त्युरामच्या क्लब कारकिर्दीबद्दल थोडक्यात. १९९६ ते २००१ तो इटलीत पार्माकडे होता. गोलवर बुफॉन, शेजारी कानाव्हारो. असा बचाव क्लब फुटबॉलमध्ये क्वचितच दिसला असेल. १९९९ मध्ये मॉस्कोत यूएफा कपच्या अंतिम सामन्यात पार्मानं मार्सेय संघाला ३-० हरवलं, आणि त्या मार्सेयच्या बचावफळीत होता त्याचा राष्ट्रीय संघातला जोडीदार ब्लाँ. २००१ पासून पाच वर्षं युव्हेंटस, मग दोन वर्षं बार्सिलोना. इटलीच्या स्टेडियममध्ये काळ्या खेळाडूंना पाहून माकडाचे आवाज काढणारे प्रेक्षक त्यानं जवळून अनुभवले. इतर बरेच खेळाडू अशा वेळी मान खाली घालून खेळत राहायचे. त्युराम त्याबद्दल बोलायचा, आणि लोक असं का करतात हे समजून घ्यायला इतिहासाची पुस्तकं वाचायचा.

राष्ट्रीय संघानं २००० साली युरो स्पर्धाही जिंकली. काळा-गोरा-अरब फ्रान्सचा विजयरथ जोरात होता. आणि मग ६ ऑक्टोबर २००१ चा दिवस आला.

फ्रान्स विरुद्ध अल्जेरिया, मित्रत्वाचा सामना, तेच स्टाद द फ्रान्स. अल्जेरिया १९६२ पर्यंत फ्रान्सची वसाहत होती, आणि रक्तरंजित युद्धानंतर स्वतंत्र झाली. दोन्ही देशांचे संघ प्रथमच असे समोरासमोर येत होते. प्रेक्षकांत अल्जेरियन वंशाची, पण पॅरिसच्या उपनगरांत जन्मलेली, म्हणजे फ्रेंचच असलेली तरुण मुलं खूप होती. फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्यांनी शिट्ट्या मारून ते बुडवलं. ७६ व्या मिनिटाला फ्रान्स ४-१ असा पुढे असताना पोरं कुंपण ओलांडून मैदानात घुसली. सामना तिथेच थांबवावा लागला. बहुतेक खेळाडू बोगद्याकडे पळाले. त्युराम पळाला नाही. त्यानं घुसलेल्या एका मुलाला धरलं आणि तावातावानं त्याची खरडपट्टी काढली : तू काय करतोयस हे तुला कळतंय का?

टीव्हीवर हे सगळ्या देशानं पाहिलं. तो का चिडला असेल? राष्ट्रगीताचा अपमान झाला म्हणून? मला वाटतं कारण वेगळं होतं. धोका कुठून येणार हे त्याला दिसत होतं. ही पोरं ल पेनच्या हातात आयतं कोलीत देत होती. सहाच महिन्यांनी, २१ एप्रिल २००२ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ल पेन जवळजवळ १७ टक्के मतं घेऊन दुसऱ्या फेरीत पोचले. काळ्या-गोऱ्या-अरब विजयाला चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. (दुसऱ्या फेरीत शिराक ८२ टक्के मतं मिळवून जिंकले, ते सोडा.) त्याच उन्हाळ्यात जगज्जेता फ्रान्स विश्वचषकात पहिला सामना सेनेगलकडून हरला आणि एकही गोल न करता घरी परतला. विजय संपला, तसा नवा फ्रान्सही संपला.

२००४ च्या युरोनंतर त्युराम राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. वर्षभरात दोमेनेक या नव्या प्रशिक्षकानं त्याला, झिदानला आणि माकेलेलेला परत बोलावलं. नेमकं त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर २००५ रोजी, पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांपासून पळणारी दोन किशोरवयीन मुलं विजेच्या उपकेंद्रात लपली आणि शॉक लागून मेली. तीन आठवडे फ्रान्सभर उपनगरं पेटली, हजारो गाड्या जळाल्या. त्याआधी गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी एका उपनगराबद्दल 'जोराच्या पाण्यानं धुऊन काढू' अशी भाषा केली होती, आणि दुसऱ्या एका ठिकाणी तिथल्या टग्यांसाठी 'राकाय' हा शब्द वापरला होता. 'राकाय' म्हणजे मवाली, गाळ.

त्युराम तेव्हा युव्हेंटसचा श्रीमंत खेळाडू होता, इटलीत राहत होता. गप्प बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यानं उघडपणे सांगितलं की मीही अशाच वसाहतीत वाढलो आहे, मलाही असंच म्हटलं जायचं, आणि मी मवाली नव्हतो, मला काम हवं होतं. जाळपोळीचं त्यानं समर्थन केलं नाही, पण माणसं अशी का वागतात हा प्रश्न विचारायलाच हवा, असं त्याचं म्हणणं होतं. लक्षात घ्या, हाच माणूस चार वर्षांपूर्वी मैदानात त्याच मुलांतल्या एकावर ओरडला होता. काही लोकांना यात विसंगती दिसली. मला तर दोन्हीकडे एकच माणूस दिसतो : त्या मुलांना तो परकं समजत नव्हता. आपल्याच घरातल्या पोरावर आपण ओरडतो, आणि बाहेरच्यानं त्याला शिवी दिली तर आपणच पुढे होतो.

२००६ च्या विश्वचषकाच्या वेळी ल पेन पुन्हा बोलले, की संघात काळे खेळाडू जास्त घेतलेत. त्युरामनं पत्रकार परिषदेत शांतपणे उत्तर दिलं : ल पेन यांना ठाऊक नसावं की फ्रेंच लोक काळेही असतात, सोनेरी केसांचेही आणि तपकिरी केसांचेही. वयाच्या ३४ व्या वर्षी तो त्या स्पर्धेत अप्रतिम खेळला. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तोच सामनावीर होता. बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात समोर इटलीकडून बुफॉन आणि कानाव्हारो, म्हणजे आधी पार्मातले आणि मग युव्हेंटसमधले त्याचेच सोबती. पुढचं ठाऊक आहेच : झिदानचं डोकं, लाल कार्ड, शूटआऊटमध्ये पराभव.

दोनच महिन्यांनी, ६ सप्टेंबरला, तेच दोन संघ पॅरिसला पुन्हा भेटले. त्याआधी ऑगस्टमध्ये काशाँ या उपनगरात शेकडो लोकांना, त्यांतल्या अनेकांकडे राहण्याचे कागदपत्रच नव्हते, पोलिसांनी एका इमारतीतून बाहेर काढलं होतं. त्युराम आणि व्हिएरा यांनी त्यांच्यातल्या सत्तरएक जणांना या सामन्याची तिकिटं दिली. फ्रान्स ३-१ जिंकला, पण चर्चा झाली ती तिकिटांची. खेळाडूंनी खेळावं, राजकारण करू नये, असं बऱ्याच पुढाऱ्यांनी सुनावलं. तेच पुढारी १९९८ मध्ये विजयाच्या मिरवणुकीत पुढे होते, हे सांगायला नको.

२००८ च्या युरोत नेदरलँड्सविरुद्ध १-४ अशा पराभवात तो शेवटचा खेळला. त्यानंतर पॅरिस साँ-जेरमाँ क्लबकडे जायचं ठरत होतं, पण वैद्यकीय तपासणीत हृदयात दोष सापडला. ऑगस्ट २००८ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो थांबला.

निवृत्त खेळाडू सहसा प्रशिक्षक होतात, नाहीतर टीव्हीवर बसतात. त्युरामनं वंशवादाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली आणि शाळाशाळांतून फिरायला लागला. त्याचं म्हणणं साधं आहे : कुणीही वंशवादी म्हणून जन्मत नाही, ते शिकवलं जातं, त्यामुळे वेगळं शिकवताही येतं. आईच्या त्या जुन्या उत्तराला त्यानं असं उत्तर दिलं. २०१० मध्ये त्यानं 'माझे काळे तारे' अशा अर्थाचं पुस्तक लिहिलं, ल्युसी या आदिमानवी सांगाड्यापासून ओबामांपर्यंतच्या माणसांवर, कारण त्याच्या शाळेतल्या इतिहासात काळा माणूस भेटायचा तो फक्त गुलाम म्हणून.

२०११ मध्ये पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात त्याच्या पुढाकारानं एक प्रदर्शन भरलं. विषय होता मानवी प्राणिसंग्रहालयं. होय, बरोबर वाचलंत. विसाव्या शतकातही युरोपात वसाहतींमधली माणसं कुंपणामागे ठेवून तिकीट लावून दाखवली जात. १९३१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत न्यू कॅलेडोनियाचे कनाक लोक 'नरभक्षक' म्हणून दाखवले गेले, आणि त्यांतल्या काहींना मगरींच्या बदल्यात जर्मनीला पाठवलं. त्या लोकांत कारांबूचे पणजोबा होते. त्याच कारांबूनं १९९८ मध्ये फ्रान्सला विश्वचषक मिळवून द्यायला मदत केली, आणि तो राष्ट्रगीत म्हणत नाही म्हणून त्याच्यावर टीका झाली. पणजोबांना पिंजऱ्याशी उभं करणाऱ्या देशाचं गाणं पणतवाला लगेच म्हणवत नसेल, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे?

त्युरामला सगळे संत मानतात असं मुळीच नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, तेव्हा फुटबॉल महासंघाच्या मंडळावर असलेल्या त्युरामनं कर्णधार एव्ह्राला पुन्हा संघात घेऊच नये अशी मागणी केली. एव्ह्रा काळा, सेनेगलमध्ये जन्मलेला. त्यानं काही वर्षांनी टोला हाणला, की टोपी-चष्मा घालून गुलामगिरीवरची पुस्तकं मिरवल्यानं कुणी माल्कम एक्स होत नाही! २०१९ मध्ये इटलीत लुकाकूला माकडाचे आवाज ऐकावे लागले, तेव्हा त्युराम म्हणाला की गोऱ्यांना आपण श्रेष्ठ असल्याचं वाटतं. सगळ्या गोऱ्यांना एकाच पोत्यात घातलं म्हणून त्याच्यावर सडकून टीका झाली, आणि ती काही अगदीच बिनबुडाची नव्हती.

पण सर्वांत कठीण प्रसंग २०११ चा. महासंघाच्या बैठकीतलं बोलणं फुटलं. प्रशिक्षण केंद्रांत दुहेरी नागरिकत्व असलेल्या, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी आणि अरब मुळांच्या मुलांची संख्या गुपचूप मर्यादित ठेवावी का, अशी चर्चा तिथे झाली होती. चर्चेत राष्ट्रीय प्रशिक्षक हजर होता : लोराँ ब्लाँ. तोच, त्या अजिंक्य चौकडीतला. ब्लाँनं आपल्या शब्दांबद्दल माफी मागितली, सरकारी चौकशीत भेदभावाचा हेतू आढळला नाही, त्याचं पद राहिलं. त्युराम मात्र स्पष्ट बोलला, की हे चूक आहे. १९९८ चा संघ उभा दुभंगला. काही ब्लाँच्या बाजूनं, काही त्युरामच्या. ज्या संघाकडे बोट दाखवून 'प्रश्न सुटला' म्हटलं होतं, त्या संघातच तो प्रश्न शिल्लक होता.

त्युरामची दोन्ही मुलं फ्रान्सकडून खेळली. थोरल्याचं नाव मार्क्युस, मार्कस गार्वी या जमैकन नेत्यावरून ठेवलेलं. धाकटा खेफ्रेन, इजिप्तच्या फॅरोवरून. २०२२ च्या अंतिम सामन्यात मार्क्युस बदली म्हणून उतरला आणि एम्बापेच्या दुसऱ्या गोलाचा पास त्याचा होता. फ्रान्स शूटआऊटमध्ये हरला, आणि त्या रात्री पेनल्टी चुकलेल्या काळ्या खेळाडूंना इंटरनेटवर गलिच्छ शिव्या मिळाल्या. जून २०२४ मध्ये ल पेनच्याच पक्षाचा नवा अवतार सत्तेच्या दाराशी पोचला होता, तेव्हा युरो स्पर्धेच्या पत्रकार परिषदेत मार्क्युस म्हणाला की हा पक्ष जिंकू नये म्हणून रोज लढलं पाहिजे. बापाचं ऐकून शिकला म्हणायचं! त्या निवडणुकीत तो पक्ष जागांच्या हिशेबात तिसरा आला.

जिंकल्यावर मिळणारी आपुलकी खोटी असते असं मी म्हणणार नाही. १२ जुलैच्या रात्री रस्त्यावर उतरलेले लोक खरेच आनंदात होते. पण जे नागरिकत्व टिकवायला दर चार वर्षांनी चषक आणावा लागतो, त्याला नागरिकत्व म्हणत नाहीत. झिदानचे गोल, ऑन्रीचा वेग, एम्बापेचे पराक्रम, यांमुळे फ्रान्सला हे खेळाडू आपले वाटले. त्युरामचा हट्ट निराळा होता. त्याला हवा होता असा देश, जिथे सफाईचं काम करणारी त्याची आई काहीही न जिंकता फ्रेंच असेल.

हे फक्त फ्रान्सपुरतं आहे असं समजून निवांत बसू नका. आपल्याकडेही ऑलिंपिकमध्ये पदक मिळालं की ईशान्येकडची मुलगी 'भारताची कन्या' होते, आणि एरवी आपल्याच शहरात तिला ती कोणत्या देशाची असं विचारलं जातं. पुढच्या वेळी कुणी पदक आणलं की जरूर नाचावं. फक्त पदक न आणणाऱ्या तिच्या बहिणीला आपण कसं वागवतो, तेही एकदा पाहावं.